उजनी ‘मायनस’मध्ये गेली, म्हणजे नेमकं काय झालं?

सोलापुरात संगणकशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थिनीने विचारलंय: ‘सरकारी डेटा सगळ्यांसाठी खुला केला की कारभार सुधारतो, असं आम्हाला शिकवतात. प्रकल्पासाठी मी पोर्टलं धुंडाळली, फायलींचा ढीग आहे. पण आमच्या पेठेत त्याने कुणाचं काही बदललेलं दिसत नाही. मग अडतंय कुठे, तंत्रात की माणसांत? आणि पुढे याचं होणार काय?’

अडतंय माणसांत. तंत्राची रड आहेच, तीही सांगतो, पण ती पैसे टाकले की सुटते. मी अठरा-एकोणीस वर्षं या कामात आहे. सुरुवातीला लोकांना माहिती अधिकाराचे अर्ज लिहून द्यायचो. मग मिळालेले कागद एक्सेलमध्ये चढवायला लागलो. आता बराचसा वेळ ग्रामसभेत, बचत गटाच्या बैठकीत ते आकडे वाचून दाखवण्यात जातो. एवढ्या वर्षांत एक गोष्ट डोक्यात पक्की बसली. प्रत्येक आकड्याच्या एका टोकाला तो भरणारा माणूस असतो आणि दुसऱ्या टोकाला तो वाचणारा. आपला पैसा, धोरणं, परिषदा, सगळं मधल्या पोर्टलवर खर्च होतं, आणि ही दोन्ही टोकं उघडी पडतात.

वाचणाऱ्यापासून सुरू करतो, कारण त्याचं उदाहरण रोजच्या पेपरात आहे.

उन्हाळा लागला की आपल्याकडे हमखास ऐकू येतं, ‘उजनी मायनसमध्ये गेली.’ धरणाची पातळी रोज जाहीर होते, म्हणजे पुस्तकी व्याख्येने हा उत्तम खुला डेटा. एका शाळेत नववीच्या मुलांना मी विचारलं, उजनी उणे वीस टक्के आहे, तर धरणात पाणी किती? बहुतेकांनी ‘शून्य’ सांगितलं. एक पोरगा म्हणाला, ‘सर, मग ते पाणी उसनं आणावं लागतंय का?’ हसू आलं, पण त्याचं चुकलं कुठे? गणिताच्या तासाला उणे म्हणजे उसनंच शिकवतात.

मग फळ्यावर मांडलं. उजनीची एकूण साठवण ११७.२३ टीएमसी (अब्ज घनफूट). त्यात मृतसाठा, म्हणजे तळाचं, हिशेबात न धरलेलं पाणी, ६३.६६ आणि उपयुक्त साठा ५३.५७. टक्केवारी काढतात ती फक्त उपयुक्त साठ्यावर. तेव्हा उणे वीस टक्के म्हणजे मृतसाठ्यातलं १०.७१ टीएमसी पाणी कमी झालेलं, आणि धरणात अजून साधारण ५३ टीएमसी पाणी उभं. पुण्याला पाणी देणारी खडकवासला साखळीतली चारही धरणं काठोकाठ भरली तरी २९ टीएमसीच्या आसपासच होतात! तिकडे पावसाळ्यात ‘उजनी १११ टक्के’ वाचून आपण हरखतो, ते भरतं १२३ टीएमसीच्या घरात. ‘मृत’ या शब्दामुळे लोकांना वाटतं, ते पाणी म्हणजे नुसता गाळ. प्रत्यक्षात ऐन उन्हाळ्यात दुबार पंपिंग करून सोलापूर त्याच पाण्यावर दिवस काढतं. उणे झाल्याचा फटका खरा बसतो तो कालव्याखालच्या शेतकऱ्याला.

आकडा खरा आहे, रोजचा आहे, फुकट आहे, आणि तरी वाचणारा फसतो. टक्के कशाचे, हे त्या आकड्याशेजारी कुणी लिहीत नाही. तुमच्या पुस्तकात याला मेटाडेटा म्हणतात. मी याला आकड्याचा पत्ता म्हणतो. पत्ता नसलेलं पत्र कितीही वेळेवर टाका, ते पोचत नाही.

बाजारभावाची तीच गत. सोलापूरच्या मार्केट यार्डात कांद्याची आवक किती असते हे तुम्हाला सांगायला नको. रोज किमान, कमाल आणि सर्वसाधारण असे तीन दर पणन मंडळाच्या आणि केंद्राच्या अ‍ॅगमार्कनेटच्या संकेतस्थळावर चढतात. समजा, किमान १००, कमाल ४,०००, सर्वसाधारण १,४०० रुपये क्विंटल. मथळा होतो, ‘कांदा चार हजारांवर’. तो चार हजारांचा दर कुणाच्या तरी मोजक्या निवडक पिशव्यांना लागलेला असतो. तेवढं वाचून करमाळ्याकडचा एखादा शेतकरी टेम्पो भरतो आणि पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब, हातात पडली की डोकं धरून बसतो. त्याच दिवशी व्यापारी तेच आकडे लासलगाव आणि हैदराबादच्या दरांशी ताडून बघतो, कारण त्याच्या पेढीवर त्यासाठी माणूस बसवलेला असतो. माहिती दोघांनाही सारखीच खुली होती.

हे नुसतं कांद्याचं नाही. शेजारच्या कर्नाटकाने २००० च्या सुमारास ‘भूमी’ प्रकल्पात जमिनीचे उतारे संगणकावर आणले. हेलपाटे आणि चिरीमिरी कमी झाली म्हणून देशभर कौतुक झालं. २००७ साली काही संशोधकांनी बेंगळुरूभोवतीच्या गावांत जाऊन पाहिलं तर वेगळंच दिसलं. जमीन घेणाऱ्या बड्या मंडळींना कुठला तुकडा कुणाचा हे शोधणं सोपं झालं होतं, आणि छोट्या शेतकऱ्याच्या वाट्याला त्यातलं फारसं काही आलं नव्हतं. आपल्याकडे सातबारा घरबसल्या दिसतो, २०१८ पासून डिजिटल सहीचाही मिळतो. चांगलीच गोष्ट आहे, मी स्वतः वापरतो. पण रस्ता कुठून जाणार याची कुणकुण आधी लागलेल्या माणसालाही आता तलाठ्याची मनधरणी करावी लागत नाही, हेही ध्यानात ठेवा. खुली माहिती विहिरीसारखी असते. ज्याच्याकडे मोटर आहे तो पाणी उपसून मोकळा होतो, पोहरेवाला काठावर उभा राहतो.

आता दुसरं टोक, भरणाऱ्याचं. पोर्टलवर काम करणाऱ्यांना हे दिसतच नाही, म्हणून यावर जरा जास्त बोलतो.

२०२१ मध्ये अंगणवाड्यांसाठी पोषण ट्रॅकर आलं. अ‍ॅप इंग्रजीत, दिलेले फोन धड चालेनात, म्हणून त्याच वर्षी राज्यभरातल्या सेविकांनी ते मोबाईल परत करून आंदोलन केलं. ते गाजलं. न गाजलेली गोष्ट मी एका गावात पाहिली. सेविकेकडे दोन वह्या होत्या. मी विचारलं तर म्हणाल्या, ‘ही माझी, ही वरची.’ त्यांच्या वहीत एका मुलाचं वजन ८ किलो ४०० ग्रॅम होतं, वरच्या वहीत त्याच मुलाचं त्याच तारखेला ९ किलो २००. का? खरं वजन लिहिलं की मूल ‘सॅम’मध्ये, म्हणजे अतितीव्र कुपोषितांत जातं, सॅमचा आकडा वाढला की महिन्याच्या बैठकीत त्यांना उभं करून विचारतात, तुमच्याच अंगणवाडीत कुपोषण कसं वाढलं? पोर आजारी पडलं तर दवाखान्यात मात्र त्या स्वतःचीच वही घेऊन जातात. त्या बाईंना खोटारड्या म्हणायची माझी हिंमत नाही. त्यांच्या दोन वह्यांमधल्या आठशे ग्रॅममध्ये खुल्या डेटाचं सगळं समाजशास्त्र आहे. आकडा जाहीर झाला की क्रमवारी लागते आणि तळाला कोण ते विचारलं जातं, आणि हे माहीत असलेला माणूस आकडा आधीच गोड करून ठेवतो.

दुसरा किस्सा चावीवाल्याचा. जिल्ह्यातल्या एका नगरपालिकेत आम्ही ठरवलं, कुठल्या गल्लीला कधी आणि किती वेळ पाणी आलं हे रोज नकाशावर दाखवायचं. साहेबांनी होकार दिला, सॉफ्टवेअर एका पोराने पंधरा दिवसांत केलं. माहिती द्यायची होती ती व्हॉल्व्ह उघडणाऱ्या चावीवाल्यांनी, आणि ती त्यांच्याकडे होतीच. एकाच्या खिशातल्या डायरीत तर सहा वर्षांच्या नोंदी होत्या, मिनिटांसकट. पण त्याने डायरी दिली नाही. म्हणाला, ‘सर, पाणी कमी सोडायला वरून सांगतेत. तुमच्या नकाशावर माझी वेळ दिसंल, वरचा फोन दिसंल का? बायका घागरी घेऊन माझ्या दारात येतील की.’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. नकाशा चार महिने चालला, मग बंद पडला. दोष सॉफ्टवेअरचा नव्हताच. निर्णय घेणारा पडद्याआड आणि राबणारा उजेडात, अशी ती मांडणी मीच केली होती. आज ते काम पुन्हा करायचं झालं तर पहिला रकाना ‘पाणी किती वाजता आलं’ हा नसेल. ‘आजची वेळ कुणाच्या आदेशाने ठरली’ हा असेल.

तंत्राची रड थोडक्यात. माहिती अधिकार कायदा २००५ चा, त्याच्या कलम ४(१)(ख) मध्ये प्रत्येक कार्यालयाने स्वतःहून १७ बाबी प्रसिद्ध करायच्या आहेत आणि त्या अद्ययावत ठेवायच्या आहेत. एका कार्यालयाच्या यादीत सेवानिवृत्त होऊन नातवंडं खेळवणारे साहेब अजून अपिलीय अधिकारी आहेत. केंद्राचं डेटा धोरण २०१२ चं, त्यातून डेटा डॉट जीओव्ही डॉट इन उभं राहिलं, २०१७ मध्ये वापराचा खुला परवानाही आला. कागदावर आपण कुणापेक्षा मागे नाही. पण स्थानिक कार्यालयाकडून तुमच्या हाती येते ती स्कॅन केलेली, तिरकी, मधोमध गोल शिक्का असलेली पीडीएफ. क्वचित मूळ फाईल मिळाली तर ती श्रीलिपीत किंवा जुन्या योगेश फाँटात, युनिकोडमध्ये टाकली की नुसता कचरा. गावांच्या नावांचा गोंधळ तर विचारू नका. अकरा तालुक्यांच्या याद्या एकत्र करताना एकच गाव मला चार स्पेलिंगांत भेटलंय. तुमच्या प्रकल्पात नावांवर जुळवणी करूच नका, केंद्राच्या स्थानिक संस्था निर्देशिकेचे गाव-कोड वापरा. त्या एका सवयीने महिन्याचं काम वाचेल.

आता सगळ्यात अवघड भाग, खासगीपणाचा. इथे माझं मत वर्षागणिक बदलत गेलंय.

सुरुवातीला मी ‘सगळं उघडं करा’ गटातला होतो. लाभार्थ्यांच्या याद्या, खाते क्रमांक, सगळं. मग एका तालुक्यात निराधार योजनेच्या लाभार्थ्यांची यादी मोबाईल क्रमांकांसकट फिरली. त्यात विधवा बायका जास्त. पंधरा दिवसांत त्यातल्या एका मावशींचा मला फोन आला. कुणीतरी फोन करून ‘तुमचं अनुदान वाढलंय, ओटीपी सांगा’ म्हणत होता, आणि त्याला त्यांचं नाव, गाव, नवरा वारल्याचंही ठाऊक होतं. त्या यादीसाठी अर्ज मीच लिहून दिला होता. देशपातळीवर हे फार मोठं घडून गेलंय. २०१७ साली झारखंडच्या पेन्शन योजनेतल्या दहा लाखांहून जास्त लोकांचे आधार क्रमांक सरकारी संकेतस्थळावरच उघडे पडले होते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुट्टस्वामी निकालात खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला.

तिथून लंबक दुसऱ्या टोकाला गेला. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याच्या कलम ४४(३) ने माहिती अधिकाराचं कलम ८(१)(ञ) बदललं. पूर्वी वैयक्तिक माहिती नाकारताना तिचा सार्वजनिक कामाशी संबंध नाही हे बघावं लागे, आणि व्यापक जनहित असेल तर ती देता येई. जी माहिती संसदेला किंवा विधिमंडळाला नाकारता येत नाही ती नागरिकालाही नाकारता येणार नाही, असा खुलासाही तिथे होता. आता त्या कलमात ‘वैयक्तिक माहिती’ एवढंच उरलंय. जनहितासाठी कलम ८(२) आहे, पण ते वापरायची तयारी टेबलावरच्या माणसाने दाखवायला हवी, आणि त्याच्यासाठी ‘नाही’ म्हणणं नेहमीच सुरक्षित. ठेकेदाराचं नावही वैयक्तिक, घरकुलाच्या यादीतलं सरपंचाच्या भावाचं नावही वैयक्तिक. मग सामाजिक अंकेक्षण, म्हणजे लोकांनीच करायची कामांची तपासणी, करायचं कशावर?

मी आता ज्या मुक्कामाला पोचलोय तो असा. नाव, गाव, कामाचं किंवा योजनेचं नाव, रक्कम, तारीख आणि मंजुरी देणाऱ्याचं पद हे सरकारी पैशाचे तपशील आहेत, ते उघडे हवेत. मोबाईल, आधार, खाते क्रमांक, आजार किंवा अपंगत्वाचा तपशील, जातीचा दाखला हे झाकलेलं हवं. कायद्याच्या कलम १० मध्ये नको तेवढा भाग वगळून उरलेला द्यायची सोय पहिल्यापासून आहे. ती वापरायला काळा मार्कर पेन लागतो, दुसरं काही नाही. काही जण म्हणतात, नावंही झाका, एकूण आकडे द्या. त्यांना मी राजस्थानची आठवण करून देतो. १९९४ पासून मजदूर किसान शक्ती संघटनेने गावागावांत जनसुनवाया घेतल्या, हजेरीपटावरची नावं मोठ्याने वाचली. मेलेल्यांची आणि परगावी गेलेल्यांची नावं मजूर म्हणून बाहेर आली. ‘एकूण मजूर ११२’ असं वाचलं असतं तर कुणाच्या भुवया उंचावल्या असत्या? आपल्या आडवाटेच्या गावांत ७२ च्या दुष्काळातली म्हातारी माणसं अजून आहेत. हजेरीपटावर काय काय होऊ शकतं हे त्यांना विचारा, तासभर पुरेल.

मोठ्याने वाचण्याची रीत आपलीही आहे. सातबारा संगणकावर नेताना २०१७ मध्ये महसूल खात्याने चावडी वाचनाची मोहीम घेतली होती. तलाठी वाचतो, लोक ऐकतात, ‘ओ भाऊसाहेब, ते क्षेत्र चुकलं’ म्हणून मध्येच अडवतात. चूक जागेवर लिहून घेतली जाते. माझ्या लेखी खुल्या डेटाचं सर्वांत चांगलं पोर्टल ते, इंटरनेट नसलेलं. सोलापूर शहरात त्याला भाषेची जोड लागते. पूर्व भागात विड्या वळणाऱ्या बायकांसमोर मराठी यादी वाचली तर त्या मान डोलवतात. तीच तेलुगूत वाचली की भांडतात. भांडण झालं की समजायचं, माहिती पोचली. अक्कलकोटच्या बाजूला तेच काम कन्नडमध्ये करावं लागतं, शहराच्या काही मोहल्ल्यांत दख्खनीत. एकही निविदा या वाचणाऱ्या माणसासाठी निघालेली मी पाहिली नाही.

आकडा नीट वाचला गेला की काय होतं, याचं एक चांगलं उदाहरण आपल्या जिल्ह्यातच आहे: ऊस. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार ऊस कारखान्याला दिल्यापासून १४ दिवसांत एफआरपी (उसाचा रास्त आणि किफायतशीर दर) द्यावी लागते. कुठल्या कारखान्याने किती थकवली याचे तक्ते साखर आयुक्तालयाकडून निघतात. ते सगळ्यांना कळतात, कारण प्रत्येक उसवाल्याला आपलं टनेज पाठ असतं, आणि शेतकरी संघटना ते तक्ते मोर्चात हातात घेऊन फिरतात. आरआरसीची, म्हणजे थकबाकी महसुलासारखी वसूल करण्याची, कारवाई झाली की नाही, हे पारावर बोललं जातं. तिथे आकड्याला वाचणारा आहे, संघटना आहे, चौदा दिवसांची मुदत आहे आणि चुकल्यास वसुलीची तरतूद आहे. या चारांपैकी एक काढून बघा, तो तक्ताही इतर पीडीएफसारखा पडून राहील. विडी कामगार बायकांच्या भविष्य निधीबद्दल असा एक तक्ता गल्लीत वाचला जावा, ही माझी जुनी इच्छा आहे.

पुढे काय, हे विचारलंत. ज्योतिष सांगत नाही, जे होताना दिसतंय ते सांगतो.

पहिली गोष्ट, बोलणारी यंत्रं. केंद्राने मार्च २०२५ मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी ‘एआय-कोश’ सुरू केलं, त्यात सरकारी डेटासंच ठेवलेत. मराठीत प्रश्न विचारला की यंत्र आकडा शोधून सांगेल, हे आजच बऱ्यापैकी होतं, आणि न वाचता येणाऱ्यांसाठी ते मोठं वरदान ठरू शकतं. पण मी गंमत म्हणून एकाला विचारलं, उजनी उणे वीस टक्के म्हणजे पाणी किती? त्याने गोड आवाजात सांगितलं, धरण कोरडं आहे. नववीतली पोरं आठवली. आकड्याला पत्ता नसेल तर यंत्रही तिथेच चुकणार, आणि त्याच्याशी ‘ओ भाऊसाहेब’ म्हणून भांडायला चावडी नाही.

दुसरी गोष्ट जास्त काळजीची. डेटा ही मालमत्ता आहे, तिची किंमत वसूल करावी, हा विचार सरकारात मुरतोय. फेब्रुवारी २०२२ मधल्या केंद्राच्या मसुद्यात मूल्यवर्धित डेटा विकण्याची कल्पना होतीच, टीका झाल्यावर मेमध्ये नवा मसुदा आला. कल्पना मात्र मेलेली नाही. उद्या चांगला, स्वच्छ, रोजचा डेटा कंपन्यांना दाम मोजून आणि तिरकी पीडीएफ जनतेला फुकट, अशी विभागणी झाली तर नवल वाटू देऊ नका.

तिसरी, शिळे आकडे. सोलापूर जिल्ह्याची लोकसंख्या म्हणून आपण अजून ४३,१७,७५६ लिहितो, ती २०११ ची. पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. तोवर दरडोई पाणी, दर हजारी डॉक्टर, जे काही काढाल त्याचा छेद सोळा वर्षांपूर्वीचा. कुंभारीला रे नगर उभं राहिलं, तीस हजार घरांसाठी आखलेली वसाहत; २०११ च्या कुठल्याही नकाशात ती नाही. तुमच्या प्रकल्पात दरडोई आकडा असेल तर हे तळटीपेत नको, वरच लिहा.

आणि हो, जुनी पानं उतरवून ठेवत जा. ठेका संपला, संकेतस्थळ बदललं, की दहा वर्षांचे आकडे एका रात्रीत गायब होतात. माझ्याकडे एका योजनेच्या तालुकावार याद्या आहेत, त्या आता मूळ खात्याकडेही नाहीत. मध्ये त्यांच्याच कार्यालयातून त्या मागायला मला फोन आला होता.

तुमच्या प्रकल्पाबद्दल एक सुचवतो. पोर्टल बनवू नका, ती पुष्कळ आहेत. तुमच्या गल्लीत महिनाभर पाणी कधी आलं, कधी गेलं ते वहीत लिहा. शेजारच्या चार घरांतल्या बायकांनाही लिहायला सांगा, त्यांच्या वेळा तुमच्याशी जुळणार नाहीत, तीच गंमत आहे. मग ते जाहीर वेळापत्रकाशेजारी मांडा आणि गल्लीतच वाचून दाखवा. आणि सुरुवात करण्याआधी चावीवाल्याला चहाला बोलवून सांगा की हे कशासाठी चाललंय आणि त्याचं नाव यात कुठेही येणार नाही. डायरी त्याच्याकडेही असेल. पहिल्या भेटीत मागू नका.